१२३४५६७८९८७६५४३२१: या आकड्याबद्दल तुम्ही सारखे विचारता ते प्रश्न

हा सतरा आकडी नंबर दर दोन-तीन महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर फिरून येतो आणि मग मला तेच ते प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. सोपे प्रश्न वर, डोक्याला त्रास देणारे खाली. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय, तेवढं वर-खाली करून घ्या.

१. हा आकडा नक्की आहे काय? एवढं कौतुक कशासाठी?

एकापुढे एक असे नऊ एक लिहा, १११११११११, आणि त्याला त्यानेच गुणा. उत्तर येतं १२३४५६७८९८७६५४३२१. एकपासून नऊपर्यंत चढत जातो आणि नऊवरून परत एकपर्यंत उतरतो, उलटा वाचला तरी तोच. कौतुक आधी दिसण्याचंच असतं, ते काही खोटं नाही. पण दिसण्याच्या मागे जे आहे ते जास्त भारी आहे, ते प्र. ४ मध्ये. घाई असेल तर तेवढं एकच वाचा.

२. हा वाचायचा कसा? कोटीच्या पुढे माझी गाडी अडते.

सगळ्यांचीच अडते. आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१ असा दिसतो. रोजच्या भाषेत वाचायचा तर "एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस", म्हणजे कोटी दोनदा म्हणायचे, इलाज नाही. इंग्रजी पद्धतीने बारा क्वाड्रिलियन आणि पुढे.

खरी मजा जुन्या नावांत आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत एकपासून परार्धापर्यंत प्रत्येक जागेला वेगळं नाव दिलंय, आणि आपला आकडा परार्धाच्या बरोबर एक पायरी खाली थांबतो. त्या नावांनी वाचला तर: १ मध्य, २ अंत्य, ३ जलधि, ४ शंकु, ५ महापद्म, ६ निखर्व, ७ खर्व, ८ अब्ज, ९ अर्बुद, ८ कोटी, ७ प्रयुत, ६ लक्ष, ५ अयुत, ४ सहस्र, ३ शत, २ दश, १. मधला ९ अर्बुदाच्या जागी, म्हणजे आपल्या दहा कोटींच्या जागी बसतो. मोठ्याने वाचून बघा, आरती म्हटल्यासारखं वाटतं.

३. म्हणजे किती मोठा? डोळ्यासमोर काही येत नाही.

इतके सेकंद मोजत बसलात तर साधारण ३९ कोटी वर्षं लागतील. सह्याद्रीचा काळा पाषाण ज्या लाव्हातून झाला तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे मोजणी आज संपायची असेल तर ती सुरू केली तेव्हा सह्याद्रीचा पत्ताच नव्हता.

बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट माहितीये ना, पहिल्या घरात तांदळाचा एक दाणा, पुढच्यात दोन, मग चार, असे चौसष्ट घरांत दुप्पट करत जायचं. पूर्ण पटाची बेरीज १८४४६७४४०७३७०९५५१६१५, त्यापुढे आपला आकडा साधारण दीड हजारावा भाग, म्हणजे तसा किरकोळच. त्रेपन्न घरं भरली की एकूण ९००७१९९२५४७४०९९१ दाणे होतात आणि चोपन्नाव्या घरात आपला आकडा मागे पडतो. ही त्रेपन्न घरांची बेरीज लक्षात ठेवा, प्र. १४ मध्ये परत भेटणार आहे.

४. पण असा चढून उतरणारा डोंगर का येतो? मधेच काहीतरी गडबड का होत नाही?

हा सगळ्यात चांगला प्रश्न आणि याचं उत्तर कागदावरच कळतं. चौकटीची वही घ्या, शाळेतली, आणि आधी छोटा गुणाकार करा, १११ × १११, शाळेत करायचो तसाच, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकवून:

　　१११
　१११・
१११・・
—————
१२३२१

रिकाम्या जागी टिंबं दिलीत. आता उभे रकाने बघा. सगळ्यात उजव्या रकान्यात एकच १, पुढच्यात दोन, मधल्यात तीन, मग परत दोन, मग एक. उत्तरातला प्रत्येक अंक म्हणजे त्या रकान्यात किती एक आहेत त्याची मोजणी आहे, बाकी काही नाही. नऊ एक घेतले की नऊ ओळी होतात, तिरका जिना तयार होतो आणि रकान्यांची उंची १, २, ३ करत ९ पर्यंत चढते आणि तशीच उतरते.

गडबड होत नाही कारण हातचा येत नाही. सगळ्यात उंच रकाना नऊचा आणि नऊ एका घरात मावतो. एक जरी जास्त असता तरी हातचा आला असता आणि डोंगर ढासळला असता. या पानावरची निम्मी उत्तरं शेवटी याच एका गोष्टीवर येतात.

मी हे एकदा आठवीच्या पोरांना फळ्यावर न करता प्रत्येकाला वहीत करायला लावलं होतं. पाचव्या ओळीनंतर वर्गात आवाज बंद, आणि मग मागच्या बाकावरचा एकजण बेरीज न करताच उत्तर लिहून मोकळा, "सर रकाने मोजले फक्त." त्याला पुढे शिकवायचं काही उरलंच नव्हतं.

५. मग दहा एक घेतले तर १२३४५६७८९१०९८७६५४३२१ येईल ना?

नाही येत, आणि हे खूपजण ठामपणे पाठवतात म्हणून स्पष्ट लिहितो. दहा एकांचा वर्ग आहे १२३४५६७९००९८७६५४३२१. उजवीकडून चालत या: १ ते ९ नीट येतात, मग दहाचा रकाना येतो, तिथे ० लिहायचा आणि हातचा १. पुढचा रकाना नऊचा, त्यात हातचा मिळवला की परत दहा, परत ० आणि हातचा १. त्याच्या पुढे आठ, त्यात एक मिळून नऊ, आणि इथे हातचा संपतो. म्हणून मधे दोन शून्यं आणि डावीकडे ७ नंतर थेट ९, आठ गायब. हा गायब झालेला आठ प्र. १२ मध्ये पुन्हा सापडेल.

तुम्ही जो आकडा लिहिलाय तो वर्ग नाही पण त्याची स्वतःची वेगळीच गोष्ट आहे, प्र. १७.

६. फॉरवर्डमध्ये लिहिलंय की हा वैदिक गणिताचा चमत्कार आहे. खरंय का?

नाही. साधा गुणाकार आहे, प्र. ४ बघा.

७. याला डेम्लो संख्या म्हणतात असं वाचलं. आणि म्हणे त्याचा डोंबिवलीशी संबंध आहे, थट्टा आहे का ही?

थट्टा नाही, खरंच आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५ चा डहाणूचा, १९३० ते १९६२ देवळालीत शाळेत शिक्षक. कुठल्या विद्यापीठात प्राध्यापक नाहीत, मोठी पदवी नाही, पण आकड्यांचं वेड जबरदस्त. त्यांना या प्रकारच्या संख्यांचा अभ्यास करायची कल्पना सुचली ती तेव्हाच्या जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेवरच्या, मुंबईपासून तीसेक मैलांवरच्या डेम्लो स्टेशनवर, आणि ते डेम्लो म्हणजे आजचं डोंबिवली. म्हणून नाव डेम्लो संख्या. आज सकाळी आठच्या सुमाराला डोंबिवलीच्या फलाटावर माणसाला उभं राहायला जागा सुचत नाही, संख्या कुठून सुचणार, पण तो काळ वेगळा होता.

आता डेम्लो संख्या म्हणजे काय. आकड्याचे तीन तुकडे करायचे, डावा, मधला आणि उजवा. मधल्या तुकड्यात एकच अंक, एकदा किंवा परत परत. डावा आणि उजवा मिळवले की बेरजेतही तोच अंक यायला हवा. १६५ घ्या, १ आणि ५ मिळून ६, मधे ६. २५५३ घ्या, २ आणि ३ मिळून ५, मधे ५५. १२३२१ घ्या, १२ + २१ = ३३, मधे ३. आता आपला घ्या: डावीकडे १२३४५६७८, उजवीकडे ८७६५४३२१, बेरीज ९९९९९९९९, आणि मधे ९. सुंदर ना?

१, १२१, १२३२१ पासून आपल्या आकड्यापर्यंत जी रांग आहे तिला अद्भुत डेम्लो संख्या म्हणतात, आणि आपला त्यातला नववा. नवव्यानंतरही वर्ग करत राहता येतंच, पण डोंगराचा आकार राहत नाही (प्र. ५).

८. कापरेकर म्हणजे ते ६१७४ वालेच ना? मग हा पण कापरेकर स्थिरांक का?

माणूस तोच, गोष्ट वेगळी. ६१७४ चा खेळ चार अंकी आहे: अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजा करा, परत तेच करा. २०२४ घेतला तर ४२२० − ०२२४ = ३९९६, मग ९९६३ − ३६९९ = ६२६४, मग ६६४२ − २४६६ = ४१७६, मग ७६४१ − १४६७ = ६१७४, आणि इथून पुढे हलतच नाही. सगळे अंक सारखे नसले की कुठलाही चार अंकी आकडा शेवटी तिथेच येतो, म्हणून ६१७४ ला कापरेकर स्थिरांक म्हणतात. आपला सतरा आकडी त्या खेळात नाही. "कापरेकर संख्या" हा अजून तिसरा प्रकार, तो प्र. १३ मध्ये.

९. ही मूळ संख्या आहे का? नसेल तर अवयव काय?

वर्ग आहे म्हटल्यावर मूळ असणारच नाही, १११११११११ ने भाग जातो की. पूर्ण फोड करायची तर आधी वर्गमुळाची करा, ती सोपी आहे: १११११११११ = १११ × १००१००१. त्यातले १११ = ३ × ३७ आणि १००१००१ = ३ × ३३३६६७. ३३३६६७ ही मूळ संख्या आहे, तिच्या पुढे फोड नाही. म्हणजे वर्गमूळ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७, आणि आपला आकडा म्हणजे हेच सगळं दोनदा: ३ चार वेळा, ३७ दोन वेळा, ३३३६६७ दोन वेळा. एवढा लांब आकडा आणि वेगवेगळे मूळ अवयव फक्त तीन.

१०. मग याला एकूण किती संख्यांनी भाग जातो? मला ४५ आले, विषम कसे येतील, भाजक तर जोडीने असतात ना?

४५ बरोबर आहेत. ३ हा अवयव शून्य ते चार वेळा घेता येतो म्हणजे ५ पर्याय, सदतीसचे ३, ३३३६६७ चे ३, गुणाकार ४५. जोडीचं तुमचं म्हणणंही बरोबर आहे, फक्त १११११११११ ची जोडी त्याची त्याच्याशीच लागते म्हणून तो एकटा उरतो. कुठल्याही पूर्ण वर्गाचे भाजक नेहमी विषमच येतात.

११. अंकांची बेरीज ८१ येते, नऊचा वर्ग. योगायोग आहे का?

अजिबात नाही. प्र. ४ मधली वही परत काढा. नऊ ओळी, प्रत्येक ओळीत नऊ एक, एकूण ८१ एक. उत्तरातले अंक म्हणजे रकान्यांतल्या एकांची मोजणी, मग सगळे अंक मिळवले की सगळे एक मोजून झाले, ८१. हातचा आला की मात्र प्रत्येक हातच्यामागे बेरीज ९ ने कमी होते, कारण दहा जाऊन त्याजागी एक येतो. दहा एकांच्या वर्गात दोनदा हातचा येतो, तिथे १०० − १८ = ८२. अंक मिळवून बघा, ८२ च येतील.

आता पुढची गंमत. आपल्या आकड्याला ८१ ने पूर्ण भाग जातो, भागाकार १५२४१५७८९९७१०४१. ज्या संख्येला स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जातो तिला हर्षद संख्या म्हणतात, हर्ष देणारी, आणि हे नावही कापरेकरांचंच. पहिल्या नऊ अद्भुत डेम्लो संख्यांत हर्षद फक्त तीनच निघतात: १, १२३२१ आणि आपला. १२१ ला ४ ने कुठे भाग जायला, १२३४३२१ ला १६ ने तर नाहीच, विषम आहे तो.

आणि तो जो फिरतो ना मेसेज, ९९९९९९९९९ × ९९९९९९९९९ भागिले (१+२+३+…+९+…+३+२+१), तो पण हाच हिशोब. कंसातली बेरीज ८१, ती ९ × ९ अशी फोडा आणि वरच्या प्रत्येक ९९९९९९९९९ ला एकेका ९ ने भागा, उरतात नऊ-नऊ एक.

१२. १२३४५६७९ ला ९ ने गुणलं की १११११११११ येतं. यात ८ का नाही?

हातच्याने खाल्ला. १ भागिले ८१ करा, ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… असं येत राहतं. खरं म्हणजे तिथे दशांशाच्या घरांत ०, १, २, ३ करत ८, ९, १०, ११ असं सगळं ओळीने बसायला बघत असतं, पण दहा एका घरात मावत नाही, त्याचा हातचा नवाला जातो, नवाचे दहा होतात, तो हातचा आठाला जातो, आठाचा नऊ होतो. प्र. ५ मध्ये जे झालं तेच, हुबेहूब.

आपल्या आकड्याशी नातं असं: १२३४५६७९ × ९९९९९९९९९ = १२३४५६७८९८७६५४३२१. आणि वर प्र. ११ मध्ये ८१ ने भागून जो पंधरा आकडी भागाकार आला तो १२३४५६७९ चा वर्ग आहे.

१३. १११११११११ ही कापरेकर संख्या आहे का? वर्गाचे दोन तुकडे मिळवले की परत तीच यायला हवी ना?

व्याख्या बरोबर. ७०३ चा वर्ग ४९४२०९, आणि ४९४ + २०९ = ७०३, ही कापरेकर संख्या. आपल्यात उजवीकडचे नऊ अंक वेगळे काढा: १२३४५६७८ + ९८७६५४३२१ = ९९९९९९९९९. यायला हवं होतं १११११११११, आलं त्याच्या नऊपट. म्हणून नाही, थोडक्यात हुकली. पण जी बेरीज आली ती ९९९९९९९९९ मात्र स्वतः कापरेकर संख्या आहे: तिचा वर्ग ९९९९९९९९८०००००००००१ नाही हां, शून्य मोजून लिहा, ९९९९९९९९८००००००००१, आणि ९९९९९९९९८ + १ = ९९९९९९९९९. (पहिल्यांदा लिहिताना माझंच एक शून्य जास्त पडलं, तसंच ठेवलंय, तुम्हीही जपून.)

१४. एक्सेलमध्ये टाकला की शेवटी ३०० येतं, कोणी म्हणतं शेवटी ३२० येतं. नक्की काय?

दोन्ही ठिकाणी मशीनची जागा संपते. एक्सेल पंधराच अंक धरतं, त्यापुढे शून्यं भरतं, म्हणून १२३४५६७८९८७६५४३००. हा प्रकार फक्त गणितातच त्रास देतो असं नाही, माझ्या ओळखीच्या एका दुकानदाराने सोळा आकडी नंबरांची यादी एक्सेलमध्ये टाइप केली आणि सगळ्यांचा शेवटचा अंक शून्य झाला, दोन दिवस कोणाच्या लक्षातच नाही. असे नंबर टाकायचे तर आधी तो रकाना टेक्स्ट करा.

३२० ची गोष्ट जावास्क्रिप्टची, म्हणजे वेबसाइटमागच्या प्रोग्रामिंग भाषेची. तिथे पूर्ण संख्या ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच बिनधोक असतात, हो, प्र. ३ मधल्या त्रेपन्न घरांचे दाणे, दोनचा त्रेपन्नावा घात वजा एक. त्याच्या वर गेलं की आपल्या आकड्याच्या आसपास फक्त सम संख्याच साठवता येतात, एक सोडून एक. आपला विषम आहे, त्याला जागाच नाही, म्हणून शेजारच्या १२३४५६७८९८७६५४३२० वर जाऊन बसतो. पायथन या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेत करा, अंकन् अंक बरोबर येतो. नाहीतर वही आहेच.

१५. ७ ने किंवा ११ ने भाग जातो का?

नाही, दोन्हीकडे बाकी १ उरते. कारण बघण्यासारखं आहे: आकड्यातून १ वजा केला की तो ११११११११० × १११११११११२ असा फुटतो. नाही, परत तेच केलं, दुसरा ११११११११२, नऊच अंक. त्यातल्या पहिल्याला ११ ने भाग जातो (१०१०१०१०) आणि दुसऱ्याला ७ ने (१५८७३०१६).

१६. हे सगळं दहाच्या पायामुळेच आहे ना? दुसऱ्या पायात डोंगर होत नसेल.

होतो, फक्त उंची बदलते. (पाया म्हणजे एका घरात किती झाले की हातचा पुढच्या घरात जातो ती संख्या, आपला रोजचा दहा.) पाया जितका, त्याच्यापेक्षा एक कमी इतके एक घेता येतात हातचा न येता. आठच्या पायात सात एकांपर्यंत, सोळाच्या पायात थेट पंधरा एकांपर्यंत, तिथे नऊनंतर ए, बी, सी करत एफपर्यंत चढतो आणि उतरतो. दोनच्या पायात बिचाऱ्याला एकच एक मिळतो.

आणि हे फार कमी जणांच्या लक्षात येतं: १२३४५६७८९८७६५४३२१ ही अंकांची ओळ दहा किंवा त्याहून मोठ्या कुठल्याही पायात वाचा, बाराच्या, सोळाच्या, शंभराच्या, किंमत दरवेळी वेगळी पण प्रत्येकवेळी पूर्ण वर्गच असणार, कारण नऊचा रकाना तिथेही एका घरात मावतोच. मूळ अवयव (प्र. ९) मात्र पायाप्रमाणे बदलतात, ते तसे सगळीकडे चालवू नका.

१७. मग तो मधे १० घातलेला आकडा, १२३४५६७८९१०९८७६५४३२१, त्याचं काय?

तो वीस अंकी आहे आणि गंमत म्हणजे तो मूळ संख्या आहे. आपल्या सतरा आकडीला ४५ भाजक, आणि मधे ९ नंतर १० आणि परत एक ९ आला की याला भाजक दोनच, १ आणि तो स्वतः. अंकांची बेरीज ९१ येते म्हणून तीनने भाग जात नाही एवढं तोंडी सांगता येतं, बाकीची तपासणी कॉम्प्युटरवरच करावी लागते. पाठ करायला इतकी सोपी आणि इतकी मोठी मूळ संख्या सहसा मिळत नाही. आणि हो, हा पॅलिंड्रोम, म्हणजे उलटसुलट सारखाच वाचला जाणारा, नाही, उलटा वाचलात तर मधे १० च्या जागी ०१ येतं.